गाडी रोज धुतली जायची

मामा : टायरला कधी गंज चढतो का गं, डिंके?

भाची : गंज नाहीये तो! चिखल आहे. लाल मातीचा, वाळलेला.

मामा : आणि दारावर आहे तो?

भाची : तो गंज. बिजागरीतून निघून खालपर्यंत ओघळलाय. तीनदा पुसला, चौथ्यांदा जमला. मामा, जरा खिडकीपाशी धरून बघ ना रे! तुझ्या डोळ्यांवर नुसती झोप आहे.

मामा : झोप नाही, दाढा आहेत. सकाळपासून एकोणीस घासल्या. डोळे मिटले तरी समोर दाढाच येतात.

भाची : आज रविवार ना पण?

मामा : रविवार दातांच्या डॉक्टरला असतो. दात बनवणाऱ्याला नसतो. लोकांना सोमवारी नवे दात लावून ऑफिसात हसायचं असतं. चहा ठेवतेस का जरा?

भाची : आधी सांग, कशी झालीय.

मामा : चांगली झालीय.

भाची : शी! शोकसभेत बोलतात तसं काय 'चांगली झालीय'? तीन आठवडे शाळेतून आले की दप्तर टाकून थेट तुझ्या टेबलाशी बसतेय मी. आई म्हणते, तुझा मामा निदान नोकरी सांभाळून हे उद्योग करतो, तू परीक्षा सोडून करतेस.

मामा : ताई बरोबरच बोलते. मी तुला या मॉडेलची फक्त चाकं रंगवायला दिली होती.

भाची : फक्त चाकं? तू काय म्हणालास आठव. 'डिंके, गाडी जोडून झाली, हिरवा रंग झाला, आता माझ्याने होत नाही. जुनी दिसेल अशी तू कर.' हे तुझे शब्द आहेत. मी वहीत लिहून ठेवलेत, तारखेसकट.

मामा : म्हणालो असेन. झोपेत असेन.

भाची : उभा होतास.

मामा : मी उभ्या उभ्याही झोपतो आजकाल.

भाची : आता नीट बघ. बंपरवर टवके आहेत ना? भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा फाडला, गडद रंगात बुडवला, कागदावर जवळजवळ सगळा पुसला आणि मग नुसतं टेकवत गेले. खिडकीखालचे काळे ओघळ वॉशचे, म्हणजे पाण्यासारख्या पातळ रंगाचे. मडगार्डवरची धूळ म्हणजे खडू किसून केलेली पावडर. आणि मागच्या पायरीखालचा चिखल तर कुंडीतल्या खऱ्या मातीचा आहे, डिंकात कालवलेला!

मामा : खरंच चांगला आहे गं चिखल. मला इतका जमत नाही.

भाची : हां! आता कसं!

मामा : एक सांग. हिरव्या रंगावर वॉर्निशचा हात कधी दिलास?

भाची : कुठल्या वॉर्निशचा?

मामा : पारदर्शक. रंग झाला की त्यावर वॉर्निश, ते वाळलं की मग घाण. म्हणजे उद्या घाण नको झाली तर ती वरच्यावर पुसता येते, खालच्या रंगाला धक्का लागत नाही. शंभरदा सांगितलंय तुला.

भाची : दोनदा. आणि पुसायची कशाला, एवढी जमलेली?

मामा : म्हणजे नाही दिलास.

भाची : बाटली संपली होती. दुकान मंगळवारी उघडणार होतं, आणि मला दम निघत नव्हता.

मामा : तीन आठवड्यांच्या कामात तुला दोन दिवस दम निघाला नाही.

भाची : अरे पण झालं ना छान?

मामा : झालं. फक्त एवढंच की ही घाण आता या गाडीची कायमची. थिनर लावलास तर घाणीबरोबर रंगही सुटून येईल. चहा ठेव. आजोबा येतीलच आता.

भाची : पाचला येणार होते ना? अजून मी खोका पण सजवला नाही! उद्या सकाळी सातलाच गाडी येणार आहे ना त्यांना न्यायला?

मामा : सातला. त्यांच्या पलटणीतल्या जुन्या माणसांचा मेळावा आहे. गावाबाहेरच्या हॉलमध्ये.

भाची : मला एक कळत नाही, ॲम्ब्युलन्स का करून घेतली त्यांनी? रणगाडा नाही, तोफ नाही!

मामा : चालवायचे ना ते ती. चौदा वर्षं. माझ्याकडे कवळीच्या मापाला आले होते, तेव्हा तोंडात साचा आणि बोलणं चालू. त्या हॉलमध्ये काचेचं कपाट आहे म्हणे. त्यात अकरा मॉडेलं आहेत. रणगाडे, तोफा, पूल टाकायची गाडी, मोठ्या साहेबांची जीपसुद्धा. यांची ॲम्ब्युलन्स नाही. यांनी विचारलं, तर कुणीतरी म्हणालं, तिने कुठे लढाई केली?

भाची : मग?

मामा : मग काय. मी म्हटलं, साचा काढू द्या आधी, गाडी मी करून देतो. आणि आता बघ, सहा महिने झाले.

(दारावर काठीचे दोन ठोके.)

भाची : आले! मामा, कापड टाक, कापड टाक वरून! मी एकदम ओढणार आहे.

आजोबा : दार उघडताय, की मला जिन्यातच तंबू ठोकायला लावताय?

भाची : या या या, आजोबा! बसा. इथे नाही, तिथे स्प्रे ठेवलाय. इथे.

आजोबा : तीन मजले. पूर्वी हे एका दमात चढायचो. आता प्रत्येक वळणावर एक मुक्काम करावा लागतो. काय डॉक्टर, डोळे का असे?

मामा : मी डॉक्टर नाही, काका. दात बनवतो.

आजोबा : ज्याच्यामुळे मला शेंगदाणे खाता येतात तो डॉक्टर. झाली का गाडी?

भाची : तयार? एक, दोन, साडेमाडे... तीन! बघा ना! हातात घ्या! फक्त आरशाला धरू नका, तो नाजूक आहे.

आजोबा : कोणाची आहे ही?

भाची : म्हणजे काय! तुमचीच. नंबर बघा बंपरवर. भिंगाखाली लिहिलाय मामाने, श्वास रोखून.

आजोबा : नंबर माझाच आहे.

मामा : काका, काही चुकलंय का?

आजोबा : नाही नाही. जोडलीय छान. चाकं, खिडक्या, मागची पायरी, सगळं जिथल्या तिथे आहे. ही कुठे पडून होती, एवढंच विचारतोय.

भाची : पडून?

आजोबा : भंगारात दोन-तीन पावसाळे काढले की गाड्या अशा होतात.

भाची : पण आजोबा, मी सगळं तुमच्या फोटोवरून केलंय! मामाने मोबाइलवर तुमच्या जुन्या फोटोचा फोटो काढला होता ना, त्यावरून. शाळेशेजारी मोठी प्रिंट काढली. एक डाग माझ्या मनचा नाही. दारावरचा ओघळ, चाकाच्या वरचे हे ठिपके, हा मागचा मोठा पट्टा, सगळं मोजून मापून. हे बघा, ही प्रिंट. हा ओघळ, आणि हा माझा ओघळ. आहे की नाही तंतोतंत?

आजोबा : तंतोतंत आहे.

भाची : मग!

आजोबा : थांब. खरा फोटो आणलाय मी, खिशात आहे. उद्या तिकडे दाखवायला घेतला. हा धर. बोट फिरव त्या ओघळावरून.

भाची : खरखरीत लागतंय.

आजोबा : आता जरा तिरका धर. ओघळ दारापाशी थांबतो का?

भाची : नाही. खाली... तुमच्या पायांवरून जातोय. बुटांवरून. थेट फोटोच्या काठापर्यंत.

आजोबा : आमच्या जुन्या घराच्या भिंतीला ओल यायची. अठ्ठावीस वर्षं फोटो त्या भिंतीवर होता. ते ठिपके बुरशीचे आहेत. आणि हा मागचा पट्टा दिसतोय ना, तिथे फ्रेमचा खिळा गंजला होता.

भाची : म्हणजे मी भिंतीची ओल रंगवली?

मामा : मोबाइलवर रंग एकसारखा होऊन गेला असेल गं. माझ्याही लक्षात आलं नसतं.

भाची : तुझ्या आलं असतं.

मामा : मी नीट बघितला असता तर. मी बघितलाच नाही, तुझ्या हातात दिला आणि आडवा झालो. माझी पण अर्धी आहे ही चूक.

आजोबा : असू दे, असू दे. त्यात रडण्यासारखं काय? ओल हुबेहूब केलीस, त्यालाही नजर लागते. उद्या कपाटात ठेवली की काचेतून कोणाला काय कळणार?

भाची : तुम्हाला कळणार.

आजोबा : मी काय, म्हातारा माणूस. एकदा बघीन आणि जेवायला जाईन. आण, खोक्यात घालून दे. अरे... वरची फुली कुठाय?

भाची : आहे ना. छतावरच आहे. जरा नीट बघा.

आजोबा : मला करडा चौकोन दिसतोय नुसता.

भाची : मी ती दाबली थोडी. पांढऱ्यावर लालभडक अशी अगदी टकटक डोळ्यांत येत होती. सगळी गाडी एवढी खरी वाटतेय आणि ती फुली एकदम खेळण्यातली. म्हणून तिच्यावर धूळ टाकली. सगळेच असं करतात, खुणा नेहमी दाबायच्या असतात. हो ना मामा?

मामा : हो. म्हणजे रणगाड्यावर करतात. तोफेवर करतात. माझ्या डोक्यातच आलं नाही.

आजोबा : डोळ्यांत यायलाच हवी, पोरी. त्यासाठीच तर असते ती. चार फुल्या होत्या. दोन बाजूंना, एक पाठीला, एक डोक्यावर. बाजूच्या फुल्या रस्त्यावरच्यांसाठी. डोक्यावरची विमानांसाठी. वरच्याला दुसरं काय दिसणार? एक हिरवा खोका धूळ उडवत चाललाय. आत जखमी आहेत की दारूगोळा आहे, हे त्याला कोण सांगणार? ती फुली. तेवढी एकच. बाकी आमच्याकडे काठीसुद्धा नव्हती.

मामा : काका, बसा जरा. पाणी घ्या.

आजोबा : म्हणून रोज धुवायची. गाडी कितीही वाजता परत येवो. आधी डोकं, मग बाजू, मग पाठ. मागे माझ्याबरोबर एक पट्टीवाला असायचा, जखमा बांधणारा. तो आतून धुवायचा, मी बाहेरून. त्याचं काम जास्त अवघड. बादलीतलं पाणी त्याच्याकडून यायचं ते बघवायचं नाही. आम्ही बोलायचो नाही त्या वेळी. इतके दमलेलो असायचो की शिव्यासुद्धा सुचायच्या नाहीत.

मामा : काका, मी आज बसतो. सगळी खरवडतो आणि परत रंगवतो. सकाळपर्यंत होईल.

आजोबा : स्वतःला आरशात बघितलंत का आज? तुम्ही झोपा. नाही न्यायची मी गाडी उद्या. त्यात काय एवढं. कपाट कुठे पळून जातंय? पुढच्या वर्षी नेऊ.

मामा : पुढच्या वर्षी नक्की.

आजोबा : गेल्या वर्षी आम्ही नऊजण होतो. उद्या पाच आहोत. बघू.

भाची : नाही! नाही म्हणजे नाही! उद्याच न्यायची. आपण धुऊया ना तिला!

मामा : डिंके, सांगितलं ना मघाशी. वॉर्निश नाहीये. घाण निघेल आणि रंगही निघेल.

भाची : सगळा?

मामा : सगळा नाही. घासशील तिथला. कडांचा पहिला. खालचं करडं अस्तर दिसायला लागेल.

आजोबा : काय दिसेल?

मामा : अस्तर, काका. हिरव्याच्या खाली मारतात तो पहिला हात. करड्या रंगाचा.

आजोबा : मग आमच्या गाडीला काय सोनं दिसायचं? दाराच्या या कडेवरून रोज माझा फडका जायचा. तीन वर्षांत हिरवा उडाला. खालचा करडा चमकायला लागला, रुपयासारखा. साहेब ओरडले, रंग का गेला म्हणून. म्हटलं, साहेब, धुतली म्हणून.

भाची : मामा! ऐकलंस? धुऊन धुऊन जुनी झाली होती ती! गंजून नाही! अरे, हे कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत!

मामा : ओरडू नकोस, माझ्या डोक्यात दाढा आहेत. तिथला थिनर घे. छोट्या झाकणात. आणि कापसाच्या काड्या.

भाची : किती?

मामा : सगळ्या. आणि खिडकी उघड आधी, नाहीतर तिघंही इथेच आडवे होऊ.

आजोबा : माझ्यासाठी पण एक काडी दे.

भाची : तुम्ही करणार?

आजोबा : मग चौदा वर्षं काय तू करत होतीस?

मामा : काका, काडी बुडवा, आणि कापडावर टेकवून जवळजवळ कोरडी करा. दाबायचं नाही. वरून खाली, एकाच दिशेने. प्रत्येक ओढीला काडी फिरवायची. नाहीतर काढलेली घाणच परत लागते.

आजोबा : हे मला शिकवताय. बरं, शिकवा.

भाची : निघतेय! आजोबा, ओल निघतेय! अरे देवा, हिरवा पण आला काडीवर.

आजोबा : येऊ दे. आमचाही तिथेच निघायचा.

भाची : माझा चिखलही काढायचा का? मागच्या पायरीखालचा? मामा म्हणाला, तो चांगला आहे.

आजोबा : तो राहू दे. पायरीखाली कमरेत वाकूनही हात जायचा नाही. तिथे असायचा थोडा.

भाची : थँक्यू! आणि चालकाच्या बाजूचं पायदान?

आजोबा : तिथे रंगच नको. डाव्या बुटाने घासून पार पत्रा झाला होता. मधोमध नाही, जरा पुढे. मी उडी मारून चढायचो.

भाची : हे असं?

आजोबा : अजून जरा. हां. बास. डॉक्टर, हिचा हात हलका आहे.

मामा : हो. माझ्यापेक्षा. मी फक्त तिला सांगत नाही.

भाची : ऐकलं मी!

मामा : बाजूच्या फुल्यांना थिनर लावू नका हां. त्या रंगवलेल्या नाहीत, चिकटवलेले छाप आहेत. थिनर लागला की विरघळतील. तिथे थुंकी.

भाची : काय?

मामा : थुंकी. काडीला लावायची आणि गोल फिरवायची. पाण्याने पावडर नुसती पसरते, थुंकीने उचलली जाते. दातांच्या कामात तेवढं कळतं मला.

भाची : ईऽऽ! आजोबा, हा मला फसवतोय.

आजोबा : काही फसवत नाही. कधी कधी पाण्याची पिंपंच यायची नाहीत. तेव्हा पट्टीवाला आणि मी फुलीवर थुंकायचो आणि बाहीने पुसायचो. कोणी बघितलं असतं तर कोर्टात उभं केलं असतं.

भाची : खरंच?

आजोबा : तोंड कोरडं पडायचं तेवढंच खरं. ही डावीकडची झाली. तू उजवीकडची घे.

भाची : रोज म्हणजे अगदी रोज? एकदाही राहिली नाही धुवायची? चौदा वर्षांत?

आजोबा : राहिली. एकदा.

भाची : आजारी होतात?

आजोबा : नाही. झोप आली होती. तीन दिवस, दोन रात्री. अकरा खेपा झाल्या होत्या. उजाडताना परत आलो तेव्हा गाडी या तुझ्या गाडीसारखीच दिसत होती. छत तर असंच, करडं. पट्टीवाला बादली घेऊन उभा. म्हणाला, धुऊया? मी म्हटलं, उठल्यावर. आणि डोळा लागतो न लागतो तोच उठवलं. अजून एकजण होता. पोटात लागलेलं. बावीस-तेवीस वर्षांचा.

भाची : मग?

आजोबा : मग निघालो. तीस किलोमीटर. झाड नाही, आडोसा नाही. थोडं पुढे गेलो आणि मला आठवलं. छत. थांबून पुसावं, तर आतल्याला वेळ नाही. न पुसावं, तर वर आभाळ उघडं.

भाची : थांबलात?

आजोबा : नाही. तो मागे उताणा पडलेला, छताकडे तोंड करून. मध्ये एक छोटी खिडकी असते, ही बघ, ही केलीय डॉक्टरांनी. तिच्यातून त्याने विचारलं, ड्रायव्हरसाहेब, वरची फुली दिसते ना नीट?

भाची : तुम्ही काय सांगितलंत?

आजोबा : म्हटलं, दिसते की. लखलखीत आहे.

भाची : आणि मग... विमान आलं?

आजोबा : नाही आलं.

भाची : काहीच झालं नाही?

आजोबा : काहीच नाही. एक घारसुद्धा नाही. मान बाहेर काढून तीस किलोमीटर चालवली. दोन दिवस मान वळत नव्हती. हॉस्पिटलात उतरवताना त्याने माझा हात धरला. म्हणाला, तुमच्या गाडीत झोप लागली मला. वर फुली होती ना, म्हणून.

भाची : वाचला तो?

आजोबा : उतरवला तेव्हा जिवंत होता. पुढचं आम्हाला कळत नसे. आम्ही लगेच मागे फिरायचो.

भाची : पण आजोबा, त्याला झोप तरी लागली ना! म्हणजे तुम्ही खोटं बोललात ते चांगलंच झालं की!

आजोबा : असं मी पण म्हणून बघितलं. बरीच वर्षं. त्यानंतर कधी चुकलो नाही. लढाई संपली, गाडी नुसती आवारात उभी असायची, तरी धुवायचो. आभाळात कोण होतं बघायला? पोरं हसायची. म्हणायची, या म्हाताऱ्याला गाडीचं वेड लागलंय. तेव्हा मी पस्तीसचा होतो.

भाची : हे तुम्ही उद्या तिकडे सांगणार? कपाटापाशी?

आजोबा : छे. तिकडे ज्याने त्याने कुठली टेकडी घेतली तेच तासभर चालतं. तू काडीवर लक्ष दे. कोपऱ्यात राहिलंय.

भाची : सॉरी, आजोबा. मी तुमची गाडी नेमकी त्याच दिवसाची केली.

आजोबा : तुला कुठे माहीत होतं? बघितल्या बघितल्या मला तोच दिवस आठवला, हे खरं. पण हात काय सुरेख चालवलायस त्या घाणीवर! मी सांगतो, खरीच अशी होती. अगदी अशी.

भाची : मामा, छताची फुली सगळ्यात अवघड आहे. पावडर फार आहे. मी करू की तू करतोस? मामा? ए मामा!

आजोबा : श्श. झोपलाय.

भाची : बसल्या बसल्या! तोंड बघा कसं उघडं!

आजोबा : झोपू दे. किती दाढा झाल्या म्हणाला?

भाची : एकोणीस.

आजोबा : एकोणीस दाढा म्हणजे कमी नाही. तो दिवा इकडे ओढ, त्याच्या डोळ्यांवर येतोय. आणि तू पण बस जरा. सकाळपासून उभी दिसतेस.

भाची : मी नाही दमले.

आजोबा : दोनदा काडी पडली तुझ्या हातातून.

भाची : ...थोडी दमले. पण छत राहिलंय ना.

आजोबा : छत माझंच काम होतं. दे ती काडी.

भाची : हळू हां. गोल गोल. कडेच्या पांढऱ्यापासून सुरू करा आणि आत या. काडी बदला, ती काळी झाली. ही घ्या. आणि फुलीच्या टोकाला जपा, तिथला छाप थोडा उचकटलाय, माझ्याकडूनच.

आजोबा : बोलू नकोस. तोंड कोरडं पडतंय, थुंकी पुरवायचीय.

भाची : बरं.

आजोबा : दुसरी दे.

भाची : ही.

आजोबा : अजून एक.

भाची : घ्या. ही शेवटचीच राहिली आता. आजोबा, लाल आला! खालून लाल आला! दिसतेय का हो आता नीट?

आजोबा : थांब. चष्मा पुसून बघतो. उगाच हो म्हणायला नको.